एकदाच, केवळ एकदाच

१९९९ च्या मे महिन्यातली गोष्ट. लालबागच्या आमच्या चाळीत रात्री जेवणे झाली की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बैठक बसायची. त्या आठवड्यात विषय एकच होता. शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर या तिघांनी काँग्रेस अध्यक्षांना पत्र लिहिले होते आणि राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व पंतप्रधान ही पदे जन्माने भारतीय असलेल्यांनाच मिळावीत, त्यासाठी घटनेत दुरुस्ती करावी, अशी मागणी केली होती. तिघांना पक्षातून काढले गेले आणि महिन्याभरात राष्ट्रवादी काँग्रेस हा नवा पक्ष उभा राहिला. चाळीतही दोन पक्ष पडले.

खालच्या मजल्यावरचे तात्या म्हणाले, "अहो, घटनेतच लिहिलंय, बाहेर जन्मलेल्याला देशाचा कारभार करता येत नाही." समोरच्या खोलीतले मास्तर म्हणाले, "मुळीच नाही लिहिलेलं." आवाज चढले. शेवटी मास्तरांनी विचारले, "तुमच्यापैकी कुणी वाचलीय का घटना?" कुणीच वाचलेली नव्हती. मास्तरांनीही नव्हती, हे त्यांनी नंतर मला जिन्यात सांगितले.

मी तेव्हा गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. शिक्षण बारावीपर्यंत, पुढचे सगळे मुद्रितांतून झालेले. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी दादरला उतरलो आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन राज्यघटना मागितली. त्या संध्याकाळपासून हा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही.

तात्या चुकले होते. अनुच्छेद ५८ प्रमाणे राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला तीन मुख्य अटी आहेत: तो भारताचा नागरिक असावा, वयाची पस्तीस वर्षे पूर्ण केलेला असावा आणि लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा. सरकारी लाभाचे पद नसावे, ही आणखी एक. संसद सदस्यासाठी अनुच्छेद ८४ आहे. तिथेही 'नागरिक' एवढाच शब्द आहे. जन्माने नागरिक की नोंदणीने, हा भेद घटनेने केलेला नाही. चाळीतला वाद त्या दिवशी खरे तर मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण वाद कायद्याचा नव्हताच. पण मला पान उलटताना दुसरेच काही सापडले.

अनुच्छेद ५८ च्या आधी ५७ येतो. तो एका वाक्याचा आहे. राष्ट्रपती असलेली किंवा राहिलेली व्यक्ती, घटनेतील इतर तरतुदींच्या अधीन राहून, पुन्हा निवडून येण्यास पात्र असेल. पुढे मसुद्याच्या खंडापर्यंत पोहोचलो, तेव्हा हेच वाक्य मला फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात अनुच्छेद ४६ म्हणून भेटले. तिथे शेवटी थोडे अधिक होते. मराठीत सांगायचे तर: पुन्हा निवडून येण्यास पात्र असेल, 'एकदाच, केवळ एकदाच'.

मुद्रितशोधकाची नजर वाईट असते. छापलेले तो वाचतोच, पण गळलेले आधी पाहतो. मसुद्यात असलेले हे शब्द २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेल्या घटनेत नाहीत. कंपोझिटरच्या हातून शब्द गळतो तो चुकून. घटना समितीच्या हातून गळतो तो ठरवून.

हे शब्द मुळात आपले नव्हतेच. १९३७ च्या आयर्लंडच्या घटनेत बाराव्या अनुच्छेदात जवळजवळ अक्षरशः हेच वाक्य आहे, 'एकदाच, केवळ एकदाच' यासकट. पस्तीस वर्षांची अटही तिथे आहे. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंडचा दौरा करून आले होते. डब्लिनला ते इमॉन डी व्हॅलेरांना भेटले. आयर्लंडची ती घटना डी व्हॅलेरांच्याच पुढाकाराने झालेली. आणि हे गृहस्थ जन्मलेले कुठे? १८८२ साली, न्यूयॉर्कमध्ये. बाप स्पॅनिश वंशाचा, आई आयरिश. उद्या कोणी आयर्लंडमध्ये 'जन्माने इथलाच हवा' अशी अट घातली असती तर त्या देशाचा सर्वांत मोठा नेता अपात्र ठरला असता. पुढे १९५९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, १९६६ मध्ये पुन्हा निवडून आले आणि १९७३ मध्ये, दोन मुदती पुऱ्या करून, नव्वदीत निवृत्त झाले. स्वतः आणलेली मर्यादा त्यांनी स्वतःवर पुरेपूर पाळली.

त्याच काळात अमेरिकेत वेगळाच वाद पेटला होता. तिथल्या घटनेत अध्यक्ष जन्माने नागरिक असलाच पाहिजे ही अट पहिल्यापासून आहे. मुदतीची मर्यादा मात्र लिहिलेली नव्हती. जॉर्ज वॉशिंग्टन दोन मुदतींनंतर घरी गेले, म्हणून पुढचेही जात राहिले, एवढाच काय तो संकेत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो मोडला. १९३२, १९३६, १९४०, १९४४ असे ते चार वेळा निवडून आले आणि एप्रिल १९४५ मध्ये पदावर असतानाच वारले. नंतरच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला संसदेत बहुमत मिळाले आणि त्याने मार्च १९४७ मध्ये बाविसावी घटनादुरुस्ती मंजूर केली: कोणीही दोनदापेक्षा अधिक निवडून येणार नाही. राज्यांची संमती पुरी व्हायला फेब्रुवारी १९५१ उजाडले. म्हणजे आपली घटना समिती दिल्लीत बसली होती, तो सगळा काळ हा प्रश्न तिकडे राज्याराज्यांत फिरत होता. तत्त्व मोठे होते, पण त्यामागे एका पक्षाला दुसऱ्या पक्षाच्या रूझवेल्टची घेतलेली धास्तीही होती. गंमत अशी की ही मर्यादा ज्यांना पहिल्यांदा लागू झाली ते आयसेनहॉवर रिपब्लिकन होते.

मग आपल्याकडे ते शब्द का गळले? माझे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणातून येते. मसुदा समितीपुढे मांडताना त्यांनी अमेरिकी अध्यक्ष आणि आपला राष्ट्रपती यांतला फरक सांगितला. आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा. राज्याचा प्रमुख, कारभाराचा नव्हे. कारभार मंत्रिमंडळाचा. आणि मंत्रिमंडळाची परीक्षा दोन प्रकारे होते: ठरावीक वर्षांनी मतदार घेतात ती एक, आणि सभागृहात प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून रोज होते ती दुसरी. अमेरिकेत ही रोजची परीक्षा नाही, म्हणून तिथे मुदतीचे कुंपण लागते. जो राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणार त्याला तितके कुंपण कशाला? आणि ज्या पंतप्रधानाच्या हाती खरी सत्ता, त्याच्यासाठी कुंपण मसुद्यातही नव्हते, घटनेतही नाही. नेहरू जवळजवळ सतरा वर्षे पंतप्रधान होते. आपल्याकडे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. दोघांनाही कायद्याने अडवले नाही.

मुदतीचे कुंपण पदाला काय करते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. आपल्या महापालिकेच्या अध्यक्षाला १९३१ पर्यंत 'प्रेसिडेंट' म्हणत. नंतर 'मेयर', महापौर. मुदत वर्षभराची. पुढे तर एक वर्ष हिंदू, एक वर्ष मुसलमान, एक वर्ष पारशी, एक वर्ष ख्रिस्ती अशा पाळीचा संकेत पडला. त्यात समंजसपणा होता, यात शंका नाही. पण १८८८ च्या कायद्याने कारभाराची चावी आयुक्ताच्या कमरेला दिलेली, आणि महापौर वर्षभरात खुर्चीची उंची ओळखेपर्यंत उतरायची वेळ. मुदत आखडली म्हणून सत्ता लोकांकडे आली नाही, ती नोकरशाहीकडे राहिली. म्हणून मुदत मोजण्याआधी सत्ता कुणाकडे आहे ते पाहावे लागते.

घटना समितीत याच्या उलट बाजू लढवणारा माणूसही मुंबईचाच होता. प्रा. के. टी. शहा, मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. राष्ट्रपती थेट प्रौढ मतदानाने निवडावा, कायदेमंडळ आणि कार्यकारी सत्ता वेगळ्या असाव्यात, अशा दुरुस्त्या ते मांडत राहिले. पहिल्याच अनुच्छेदात 'धर्मनिरपेक्ष, संघीय, समाजवादी' हे शब्द घालावेत ही दुरुस्तीही त्यांचीच. बहुतेक सगळ्या नामंजूर झाल्या. ते खंड वाचताना मला त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटू लागला. एक माणूस रोज उठून हरतो आणि दुसऱ्या दिवशी नवी दुरुस्ती घेऊन येतो.

आता ज्या मुद्द्याने मला सर्वांत अधिक थांबवले तो सांगतो. हे दोघेही मुंबईचे, पण समितीत मुंबईतून आलेले नव्हते. शहा बिहारमधून निवडून आले होते. आणि आंबेडकर? परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिलेला, दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय चालवलेला, दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून तिथे ग्रंथ ठेवलेला हा माणूस १९४६ मध्ये मुंबई विधिमंडळातून निवडून येऊ शकला नाही. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने तो बंगालमधून गेला. वर्षभरात फाळणी ठरली, बंगालच्या जागांची नव्याने वाटणी झाली आणि आंबेडकरांचे सदस्यत्व गेले. ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून आंबेडकरांना मुंबईतून निवडून पाठवायला सांगितले. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने एक जागा रिकामी होती. त्या जागेवर जुलैमध्ये आंबेडकर निवडले गेले. ऑगस्टअखेरीस ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

म्हणजे सीमेची एक रेघ सरकली आणि घटनेचा शिल्पकार घटना समितीबाहेर गेला. 'हा कुठला?' हा प्रश्न किती लहरी असतो, हे त्यांनी अनुभवले होते. लाखो माणसे तेव्हा घरे सोडून इकडून तिकडे येत होती. त्यांतली कितीतरी आपली जन्मगावे परदेशात टाकून आली होती. 'इथेच जन्मला पाहिजे' अशी अट घातली असती तर लाहोर, कराची, ढाक्याला जन्मलेल्यांचे काय केले असते? अशी अट घटनेत नाही, यामागे हा काळ उभा आहे, असे मला वाटते.

१९५२ च्या मे महिन्यात पहिली राष्ट्रपती निवडणूक झाली. राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले के. टी. शहा. मतांचे मूल्य राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० आणि शहांना ९२,८२७. आणखी तीन उमेदवार होते, त्यांत लक्ष्मण गणेश थत्ते हे एक मराठी नाव. शहा दुसऱ्या वर्षी वारले. १९५७ मध्ये नेहरूंचा कल राधाकृष्णन यांच्याकडे असताना राजेंद्रप्रसाद पुन्हा निवडून आले. गळलेल्या शब्दांचा फायदा त्यांनाही लागला नाही, कारण निवडणुकीने ते दोनदाच आले. पण आधीची हंगामी वर्षे धरली तर १९५० ते १९६२ अशी बारा वर्षे ते पदावर होते. त्यांच्यानंतर आजवर एकालाही दुसरी मुदत मिळालेली नाही. कायद्यातून गळलेली मर्यादा प्रथेने कायद्याहून कडक झाली. निवडणुकीत हौशे वाढले (१९६७ मध्ये सतरा उमेदवार होते) तेव्हा मात्र कायदा आला. १९७४ मध्ये दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागू लागले. १९९७ पासून पन्नास आणि पन्नास. आज थत्त्यांना उभे राहणे सोपे गेले नसते.

राष्ट्रपती निवडणुकीच्या चार महिने आधी, जानेवारीत, आमच्या भागात काय झाले, ते आता सांगायला हवे. लोकसभेसाठी मुंबई शहराचे दोन मतदारसंघ होते. दक्षिणेतून स. का. पाटील एकटे निवडून यायचे होते. उत्तर मुंबई दोन सदस्यांची होती, त्यांतली एक जागा राखीव. गिरणगावाचा मोठा भाग त्यात आला. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे, तिच्यात कागद टाकायचा. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचा वड, कम्युनिस्टांचे कणीस-विळा. दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले तर त्यांतला एक बाद.

राखीव जागेवर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांना १,३८,१३७ मते मिळाली. डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६. फरक १४,५६१. बाद मतपत्रिका ७४,३३३.

आंबेडकर आणि त्यांचे समाजवादी सहकारी अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली. कम्युनिस्टांनी, विशेषतः श्रीपाद अमृत डांगे यांनी, राखीव जागेचे मत कुजवण्याचा प्रचार केला, हा त्यातला मुख्य आरोप. डांगे स्वतः त्याच मतदारसंघात उभे होते आणि पडले. याचिकेने निकाल बदलला नाही. 'मते कुजवली' हा शब्दप्रयोग मात्र परळ-दादरमध्ये कायमचा राहिला. त्या ७४,३३३ मधले किती कागद ठरवून कुजवलेले आणि किती पहिल्यांदाच मत देणाऱ्याच्या गोंधळातले, हे पेटी उघडून कळत नाही. कागदावर कारण लिहिलेले नसते.

इथे मला आजोबांविषयी सांगणे भाग आहे. ते गिरणीत साचेवाले होते आणि पक्के लाल बावट्याचे. १९८४ च्या निवडणुकीच्या वेळी मी शाळेत होतो. त्यांना विचारले, "आजोबा, पहिल्या निवडणुकीत मत कुणाला दिलंत?" ते म्हणाले, "तेव्हा दोन कागद दिले होते. मी दोन्ही टाकले." मला वाटले, वयामुळे घोटाळा होतोय; माणसाला दोन मते कशी असतील? मी हसलो. ते उठून गॅलरीत गेले. १९८९ मध्ये ते वारले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले, हे मला ग्रंथसंग्रहालयात कळले, तेव्हा विचारायला कुणी उरले नव्हते.

आज मागे वळून पाहताना वाटते, घटना समितीने उमेदवाराच्या वाटेतली कितीतरी कुंपणे काढली. जन्माची अट नाही. मुदतीची नाही. शिक्षणाची नाही. २००३ पासून राज्यसभेसाठी त्याच राज्यातला मतदार असण्याचीही नाही. ही सगळी जोखीम मतदाराच्या हातातल्या कागदावर टाकली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणात आंबेडकरांनी जो इशारा दिला तो याच्याशी जोडून वाचायला हवा: धर्मात भक्ती आत्म्याला तारील, राजकारणात ती अधोगतीला आणि अखेर हुकूमशाहीला नेते, अशा आशयाचा. 'एकदाच, केवळ एकदाच' हे शब्द गळले तिथे हा इशारा उभा आहे. कायद्याने जे अडवले नाही ते नागरिकाने अडवावे, असा त्याचा अर्थ मी लावतो. आणि भक्ती जशी व्यक्तीची असते तशी पक्षाचीही असते. पक्षाने सांगितले म्हणून कागद वाया घालवणारा आणि नेत्याने सांगितले म्हणून डोळे मिटून टाकणारा, दोघेही परीक्षकाची खुर्ची सोडतात.

१९९९ च्या वादाचा शेवट वाचकांना आठवत असेलच. विधानसभेचा निकाल लागला, कुणालाच बहुमत नव्हते, आणि ऑक्टोबरमध्ये काँग्रेस व राष्ट्रवादी यांनी मिळून विलासराव देशमुखांचे सरकार बनवले. मे महिन्यात जो मुद्दा देशाच्या अस्मितेचा होता तो दिवाळीच्या आत बाजूला ठेवला गेला. नागरिकत्वाचा प्रश्न न्यायालयातही गेला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक याचिका फेटाळली. गॅलरीत तात्या म्हणाले, "बघा, ह्यांनीच सोडून दिलं." मास्तर म्हणाले, "आपण भांडत बसलो." दोघेही हसले, पण मला ते हसणे फार काळ टिकलेले दिसले नाही. तीन महिने ते एकमेकांशी बोलले नव्हते.

आमची चाळ आता नाही. तिथे मनोरा उभा आहे. मी छापखान्यातून निवृत्त झालो, पण दादरला अजून जातो. समितीच्या खंडांतले ते पान मी कितीदा उघडले असेल. प्रत्येक वेळी गळलेल्या शब्दांवरून नजर जाते आणि मग, का कोण जाणे, दोन कागदांवर येऊन थांबते. आजोबांनी ते एका पेटीत टाकले की दोन, हे त्यांनी सांगितले नाही. मी हसलो नसतो, तर कदाचित सांगितले असते.